धरणं, बंधारे आणि नदीतल्या माशांची वीण : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैठणपासून धर्माबादपर्यंतच्या गंगथडीतून (म्हणजे गोदावरीकाठातून; इकडे गोदावरीला गंगाच म्हणतात), मांजरा-पूर्णाकाठच्या गावांतून, मच्छीमार सोसायट्यांकडून आणि कधी कधी मासे खाण्यापुरता संबंध असलेल्या मंडळींकडूनही तेच तेच प्रश्न येतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलंय तिथे फक्त क्रमांक दिलाय.

१. आपल्या नदीतले मासे अंडी कधी आणि कुठे घालतात?

कटला, रोहू, मृगळ आणि त्यांच्या भाऊबंदांची वीण मृगाच्या पावसानंतर सुरू होते आणि आषाढ-श्रावणात भरात येते. पाणी चढू लागलं, गढूळ झालं, वाहू लागलं की पोटुशी मादी आणि तिच्यामागे दोन-तीन नर प्रवाहाच्या उलट निघतात. नदी पात्राबाहेर पसरते तिथल्या उथळ, गवताळ काठावर अंडी सोडली जातात. ही अंडी कशालाही चिकटत नाहीत. पाणी पिऊन फुगतात आणि प्रवाहाबरोबर तरंगत-गडगडत खाली जातात. पाणी २७-२८ अंशांच्या आसपास असेल तर १४ ते १८ तासांत पिल्लू बाहेर येतं. पुढचे तीनेक दिवस ते पोटाला चिकटलेल्या बलकावर जगतं आणि तेव्हाही वाहतच असतं.

रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. त्यातली जगतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एवढी मोठी उधळण निसर्गाने पुराच्या भरवशावर केलेली आहे, हे लक्षात ठेवा. पुढची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

२. धरणाने नेमकं काय बिघडतं? मासा भिंत ओलांडू शकत नाही, एवढंच ना?

तेवढंच असतं तर बरं झालं असतं. भिंत दिसते, म्हणून सगळे भिंतीबद्दल बोलतात. माझ्या मते आपल्याकडचं मोठं नुकसान भिंतीने होत नाही, गिळलेल्या पहिल्या पुराने होतं.

जायकवाडीचंच बघा. १९७६ मध्ये लोकार्पण झालेलं हे धरण १०२ टीएमसीचं. जूनअखेर ते बहुतेक वर्षी बरंच रिकामं असतं. वरून आलेला पहिला, दुसरा, तिसरा लोंढा ते पोटात घेतं. दारं उघडायची वेळ आली तर ती बहुतेकदा ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरात, आणि कित्येक वर्षी येतच नाही. म्हणजे ज्या सहा-आठ आठवड्यांत खालच्या मादीला ‘आता निघ’ हा निरोप मिळायला हवा, तेव्हा पैठणच्या खाली गंगेला निरोपच नसतो. पाऊस पडतो, ओढे थोडं पाणी आणतात, पण नदी अंगावर येत नाही.

दुसरं, अंड्यांना वाहायला लांबी लागते. पाणी सेकंदाला अर्धा मीटर जात असेल तर सोळा तासांत अंडं जवळपास २९ किलोमीटर जातं. नुसतं फुटायलाच एवढं अंतर, मग पिल्लाचे तीन दिवस वेगळेच. पैठणखाली आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, मुळी, दिग्रस अशी बंधाऱ्यांची माळ आहे आणि मग विष्णुपुरी. दारं बंद असतील तर अंडं मध्येच संथ पाण्यात येतं, तळाला बसतं आणि गाळाखाली गुदमरतं.

३. धरण झाल्यापासून मासे वाढलेच की. नाथसागराचा (म्हणजे जायकवाडीच्या तलावाचा) मासा कुठल्या कुठे जातो. मग नुकसान कुठंय?

मासळी वाढली, हे खरं. पाणीच एवढं पसरलंय, सुमारे ३५ हजार हेक्टर, तर मासळी वाढणारच. हजारो घरं त्यावर जगतात, ते नाकारायचं कारण नाही.

पण जाळ्यात काय येतं ते बघा. चिलापी येते, सोडलेल्या बीजाचा कटला येतो. धरणाआधी नदीत असलेल्या, वाहत्या पाण्याच्या जाती विचारा. जुनी भोई मंडळी नावं घेतात आणि मग ‘आता नाही गावत’ म्हणून थांबतात. किलोचा हिशेब आणि जातींचा हिशेब वेगवेगळा ठेवायचा असतो. पहिला वाढत असतानाच दुसरा घटू शकतो.

४. मग सगळ्याच माशांना धरण बाधतं का?

नाही. चिलापीची मादी अंडी तोंडात उबवते, तिला पूर नको, प्रवाह नको. मरळ गवतात घरटं करून पिल्लं सांभाळते. शिंगाडा (काही गावांत शिंगटा) तळाला खळगा करून राखण करतो. हे साचलेल्या पाण्यातही वीण करतात. त्यांची अडचण वेगळी असते : काठाला घरटी असताना पाणी भसकन उतरलं की घरटी उघडी पडतात.

सर्वात जास्त फटका लांब जाणाऱ्या आणि वाहतं पाणी मागणाऱ्यांना बसतो. खडस म्हणजे आपला महासीर हे त्याचं टोक. त्याला स्वच्छ, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि गोट्या-वाळूचा तळ लागतो. लोणावळ्याजवळ वळवणला १९७० च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास होते ती या कारणानेच.

५. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही माशाच्या पोटात गाभोळी (अंड्यांची पिशवी) निघते. म्हणजे वीण चांगली झाली ना?

उलट. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण विचारणाऱ्याने मासा नीट साफ केलेला असतो. जुलैतली गाभोळी टणक, दाणा-दाणा सुटा, पोटभर असते. ऑक्टोबरात त्याच जातीच्या मादीत पिवळट-तपकिरी, मऊ पडलेली, दाबली की पाणी सुटणारी गाभोळी मिळाली, तर ती बहुधा न घातलेली अंडी असतात. पूर आला नाही, मादी थांबली, शेवटी शरीराने ती अंडी परत जिरवायला घेतली. तिचं वर्ष वाया गेलं.

मात्र काही जाती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा अंडी घालतात. चिलापीत गाभोळी केव्हाही मिळेल. त्यामुळे आधी जात बघा, मग निष्कर्ष काढा.

६. नाथसागरातले, येलदरीतले मासे मग अंडी घालायला जातात कुठे?

वर. धरणात येऊन मिळणारी नदी, ओढा, नाला, जिथे पावसाळ्यात पाणी जोरात आत शिरतं, तिकडे. नाथसागरात खुद्द गोदावरी येते, प्रवरा येते, वैजापूर-गंगापूरकडून शिवना येते. पहिल्या मोठ्या पावसात या मुखांशी मासे गोळा होतात. वर मोकळी नदी जितकी लांब, तितकी वीण चांगली. म्हणून धरणाच्या मागची न अडवलेली उपनदी ही त्या धरणाची बाळंतिणीची खोली समजा. नेमक्या त्याच मुखावर जुलैत आडवं जाळं लागतं, हे आपलं दुर्दैव.

७. गाळपेराच्या जमिनीत मासे अंडी घालतात म्हणतात. खरं का?

खरं. उन्हाळ्यात धरण उतरलं की काठच्या गाळात पिकं घेतात. पावसाळ्यात तीच जमीन पुन्हा बुडते. उथळ, उबदार, कुजणाऱ्या काडीकचऱ्याचं पाणी म्हणजे पिल्लांची बालवाडी. पण शेवटच्या पिकावर मे महिन्यात कीटकनाशक मारलं असेल तर तेही पिल्लांबरोबर बुडतं. गाळपेर करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : शेवटची फवारणी टाळा, धसकटं जाळू नका.

८. दरवर्षी बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडतोच. मग नैसर्गिक विणीची काळजी कशाला?

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरींनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प (कटला-रोहूच्या कुळातल्या) माशांची वीण करून दाखवली. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस. तेव्हापासून मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हे सगळं केंद्रात तयार होऊ लागलं, आणि धरणांतली मासेमारी आज त्यावरच उभी आहे. ते थांबवा असं कोणी म्हणत नाही.

पण सोडतो काय? कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प). यातले रोहू-मृगळ मुळात उत्तरेच्या गंगेचे, आपल्या गंगेचे नव्हेत. दक्षिणेतल्या नदीच्या स्वतःच्या जातींचं बीज क्वचितच मिळतं. त्यांचं एकच केंद्र आहे, ते म्हणजे नदी. शिवाय बीज विकत घ्यावं लागतं, पूर फुकट येतो.

९. परदेशात धरणाला माशांसाठी जिना असतो. जायकवाडीला का नाही?

ते जिने उड्या मारत चढणाऱ्या सामनसारख्या माशांसाठी विकसित झाले. आपला रोहू-कटला तसा उडीबाज नाही, त्याला सौम्य उतार लागतो. एकास वीस उतार धरला तर चाळीसेक मीटर उंच मातीच्या धरणाला ८०० मीटरची पाण्याची वाट बांधावी लागेल. ती चढून मासा पोचेल कुठे, तर मैलोन्मैल संथ तलावात. आणि त्याची पिल्लं खाली कशी येणार? त्यामुळे मोठ्या धरणाला जिना मागण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

बुटक्या बंधाऱ्यांचं तसं नाही. तिथे काठाने दगडगोट्यांचा, ओढ्यासारखा वळसा काढता येतो, मध्ये विसाव्याची डबकी ठेवता येतात. उत्तरेत यमुनेवरच्या हथनीकुंड बराजला मत्स्यजिना आहे, गंगेवर फराक्काला मत्स्यद्वार आहे; पण नुसतं बांधून भागत नाही. वाटेच्या तोंडाशी पाण्याची ओढ जाणवली नाही तर माशाला ती सापडतच नाही.

१०. आमच्या गावाला कोल्हापुरी बंधारा आहे. त्याचाही त्रास होतो का?

दारं वेळेवर काढली तर जवळजवळ होत नाही. बंधाऱ्याची रीतच ती आहे : पावसाळ्यात दारं काढायची, पाऊस ओसरला की घालायची. घोडं पेंड खातं ते काढण्यात. कुठे दारं गंजून अडकतात, कुठे ‘पाऊस येईल की नाही’ म्हणून जुलैपर्यंत ठेवतात.

एकदा आषाढात दुधनेच्या खोऱ्यातल्या एका बंधाऱ्यावर उभा होतो. दहा गाळ्यांतले (दारं बसवायच्या खणांतले) आठ मोकळे. उरलेल्या दोनांत खालच्या पाट्या तशाच, त्यांवर बेशरमीच्या काड्या, जलपर्णी, एक फाटकी चादर. मोकळ्या गाळ्यांतून पाणी असं घुसत होतं की मासा टिकू शकत नव्हता, आणि जिथे जोर कमी तिथे पाट्या. बोटभर ते वीतभर मासे त्या कोपऱ्यात घिरट्या घालत होते. दोन पोरं टोपलं लावून बसली होती, त्यांना काही करावंच लागत नव्हतं. चार माणसांनी तासभर कचरा ओढला असता तर वाट मोकळी झाली असती.

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या गाळ्यांची सगळी दारं काढा आणि पहिल्या पुरानंतर अडकलेला कचरा पुन्हा काढा.

११. वर्षभर नदीत थोडं थोडं पाणी सोडलं तर पुरेल का?

डोह जिवंत ठेवायला उपयोग होतो, विणीला नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी नद्यांत राखायला सांगितलं. बारमाही नदीला ते ठीक. मराठवाड्यातल्या निम्म्या नद्यांचा मे महिन्यातला प्रवाहच शून्य. शून्याचे वीस टक्के किती होतात? आपल्या माशांचं घड्याळ पावसाळ्यातल्या चढत्या पाण्यावर चालतं. मागणी ‘किमान प्रवाह’ एवढीच ठेवू नका, ‘वेळेवर छोटा पूर’ अशी करा.

१२. छोटा पूर म्हणजे किती पाणी? शेतकऱ्याचं पाणी जाणार का?

हिशेब करून बघू. ५ हजार क्युसेक चार दिवस सोडले तर जेमतेम पावणेदोन टीएमसी होतात, जायकवाडीच्या एकूण साठ्याच्या दोन टक्क्यांहून कमी. शिवाय ते वाया जात नाही. वीण आटोपल्यावर खालच्या बंधाऱ्यांत अडवता येतं.

सोडायची पद्धत मात्र महत्त्वाची. खाली जोराचा पाऊस पडत असतानाच सोडायचं, म्हणजे ओढ्यांचं गढूळ पाणीही सोबत मिळतं. दिवसागणिक चढवायचं, दोन-तीन दिवस धरायचं आणि सावकाश उतरवायचं. आज उघडलं, उद्या सकाळी दारं खाडकन बंद केली, तर काठाच्या डबक्यांत पिल्लं अडकून उन्हात मरतात. असा पूर न आलेला बरा. मधल्या बंधाऱ्यांची दारं त्या दिवसांत उघडी हवीतच (प्रश्न १०). नदीकाठी भोंगा-दवंडी हेही आलंच.

१३. नाशिक-नगरहून जायकवाडीला पाणी सुटतं, त्याने वीण होते का?

नाही. समन्यायी वाटपाचा (वरच्या-खालच्या धरणांत पाणी वाटून घेण्याचा) आढावा १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर होतो आणि पाणी त्यानंतर सुटतं. तोवर हंगाम संपलेला असतो, पाणी थंडावू लागतं. धरणाला ते पाणी हवंच, पण माशाच्या दृष्टीने ती उलटून गेलेल्या मुहूर्ताची वरात.

१४. बाभळी बंधाऱ्याची दारं पावसाळ्यात उघडीच ठेवावी लागतात. मासे तिथून चढतात का?

इथे गंमत आहे. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार बाभळीची दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी असतात. दोन राज्यांच्या पाण्याच्या भांडणातून ठरलेलं हे वेळापत्रक, त्यात माशाचा विचार कुणाच्या मनातही नसेल, पण ते माशाच्या पंचांगाशी बरंचसं जुळतं. खाली तेलंगणात श्रीरामसागर म्हणजे पोचमपाडचा जलाशय आहे. त्यातल्या माशांना या काळात बाभळीपाशी वाट मोकळी मिळते. नांदेडकरांना दारांबद्दल जो राग आहे तो समजतो. तरी उरलेल्या बंधाऱ्यांचं पावसाळी वेळापत्रक ठरवताना हे उदाहरण समोर ठेवायला हरकत नाही.

दोन मर्यादा आहेत : जूनअखेर पाऊस चांगला झाला तर पहिली लाट बंद दारांवर आदळते, आणि वर गेलेला मासा पुढच्या बंद बंधाऱ्याशी पुन्हा अडतोच.

१५. दुष्काळात माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही माशांना पूर मागता?

मागत नाही. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा माशांसाठी पाणी सोडा म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं आणि बरोबरच केलं असतं. अशा वर्षी काम वेगळं असतं. नदीतले दोन-चार खोल डोह शेवटपर्यंत उपसू नयेत, त्यात वाचलेले मोठे मासे मारू नयेत. पुढच्या चांगल्या पावसात नदी भरेल ती त्या उरलेल्या माद्यांतून. डोह कोरडा होऊन शेवटचा मासा बाजारात गेला, की पुढे पाऊस कितीही झाला तरी देशी जातीचं बीज येणार कुठून?

१६. धरणाची दारं उघडली की पायथ्याशी मासेच मासे असतात. ते पकडले तर काय बिघडलं?

तिथे जमलेले मासे दोन प्रकारचे. काही सांडव्यावरून खाली फेकलेले, जखमी. ते परत वर जाऊ शकत नाहीत. बाकीचे खालून चढून आलेले आणि भिंतीला अडलेले. त्यात पोटुशा माद्या असतात. पहिल्यांबद्दल मी हळहळणार नाही. पण जाळं दोघांत फरक करत नाही. विणीच्या महिन्यांत पायथा सोडून द्यावा हेच बरं. सुटलेल्या पाण्यात उतरणं जिवावर बेततं, हे वेगळं सांगायला नको.

१७. विणीच्या काळात मासेमारी बंद असते ना? मग गोड्या पाण्यात का दिसत नाही?

समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि ती दिसते, कारण बोटी किनाऱ्याला लागतात. तलाव-धरणांवर ठेक्याच्या अटी असतात. आपल्या सोसायटीचा आदेश काढून वाचा. सुरुंग लावणं आणि पाण्यात विष टाकणं हा तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कागदापेक्षा गावचा ठराव जास्त पाळला जातो, असा माझा अनुभव : ओढ्याच्या मुखावर आडवं जाळं नाही, मच्छरदाणीच्या कापडाने मासेमारी नाही, एवढे दोन नियम पुरे.

१८. कालव्यात मासे जातात, पुढे त्यांचं काय होतं?

आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) संपलं की मरतात. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ चा. पाण्याबरोबर आत गेलेली पिल्लं परत येत नाहीत. मुखाशी जाळी बसवणं हा उपाय आहे, पण ती रोज साफ करावी लागते. आवर्तन बंद झाल्यावर तळाच्या डबक्यांतले मासे सोसायटीने उचलून तलावात नेले तर तेही चालेल.

१९. पहिल्या पावसात नदीत मेलेले मासे तरंगतात. हे धरणामुळेच का?

थेट नाही. उन्हाळाभर डबक्यांत साचलेलं सांडपाणी, मळी, कुजका कचरा पहिल्या लोंढ्याने ढवळला जातो आणि पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो. वरून स्वच्छ पाणी आलं असतं तर घाण पातळ झाली असती. ते अडलेलं असल्यामुळे धरणाचा हात आहे, पण दुय्यम. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर तो प्राणवायू कमी पडल्याचा इशारा. पाणी बाटलीत भरून, वेळ लिहून ठेवा, फोटो काढा आणि त्याच दिवशी तक्रार करा.

२०. वाळू उपशाचा याच्याशी काय संबंध?

मोठा. वाळूत पाणी मुरून राहतं, त्यावर डोह तगतात. धरणाच्या भिंतीमागे नवी वाळू अडते, खालची आपण उपसतो. उरतो तो उघडा खडक किंवा चिखल. पूर सोडला, दारं काढली, पण तळच नसेल तर खळगा करणारा शिंगाडा खळगा कशात करणार?

२१. अहेर आता दिसत नाही. तोही धरणामुळे गेला का?

लांब, सापासारखा अहेर (बरेच जण त्यालाही वामच म्हणतात, पण वाम वेगळी, तिच्या पाठीवर काटे असतात) उलट्या वाटेचा मासा आहे. तो नदीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. गोदावरीतून बंगालच्या उपसागरापर्यंत जायचं आणि काडीएवढ्या पिल्लांनी तिथून परत यायचं, तर आता वाटेत पोचमपाड आहे आणि शेवटी आंध्रातलं, एकोणिसाव्या शतकापासूनचं धवळेश्वरमचं धरणही आहे. इथे मराठवाड्यात आपण काहीही केलं तरी त्याची वाट एकट्याने मोकळी करता येत नाही.

२२. आमच्या एका गावाने, एका सोसायटीने काय करावं? कुठून सुरुवात करू?

मे महिन्यात बंधाऱ्यावर जाऊन दारांना वंगण घाला आणि कोणता गाळा अडतो ते बघून ठेवा. ओढ्याचं मुख ठरवा, तिथे जाळं लावायचं नाही असा ठराव घ्या. एक डोह राखीव ठेवा. शक्यतो देवळाजवळचा, म्हणजे राखण आपोआप होते. आणि एक वही घाला : पहिला लोंढा कोणत्या तारखेला आला, पाणी किती दिवस चढतं राहिलं, चढणीला कोणते मासे दिसले, ऑक्टोबरात गाभोळी कशी निघाली. छोटा पूर मागायला पाटबंधारे कार्यालयात जाल तेव्हा तीन-चार वर्षांची ही वही टेबलावर ठेवा. वहीतली मापं फुटात असली तरी चालतील, तारखा मात्र पक्क्या हव्यात.